पत्रकारितेतली मनासारखी इंटर्नशिप कोल्हापुरात बसून कशी मिळवायची?

प्रश्न असा आला आहे: "मी शिरोळ तालुक्यातली. शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या न्यूजरूममध्ये इंटर्नशिप करायची, हे माझं स्वप्न आहे. बऱ्याच ठिकाणी सीव्ही पाठवला, एकाचंही उत्तर नाही. घरात या क्षेत्रातलं कुणी नाही, इंग्रजी बेताचं आहे. ताई, ओळखीशिवाय हे होतं का?"

होतं. ओळखीशिवाय होतं आणि कोल्हापुरात राहूनही होतं. पण नुसता सीव्ही पाठवून होत नाही, हे आधी सांगते, कारण तुझा वेळ त्यातच चालला आहे.

मी बरीच वर्षं बातमीदारी केली, मग शहर डेस्कवर आले, आणि आता इंटर्न निवडायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. उन्हाळा जवळ आला की अर्ज येऊ लागतात. त्यातले जवळजवळ सगळे एकाच साच्यातले असतात. दहावी-बारावीचे टक्के, वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस, 'मला लहानपणापासून पत्रकारितेची आवड आहे' हे वाक्य. ते वाचून मुलगी अभ्यासू आहे एवढं कळतं. तिला उद्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आढावा बैठकीला पाठवलं, तर संध्याकाळी छापता येईल अशी कॉपी तिच्याकडून येईल का, ते कळत नाही. आम्हाला मात्र तेवढंच जाणून घ्यायचं असतं. म्हणून मी मेल उघडला की पहिल्यांदा बातमीची लिंक किंवा जोडलेली फाइल शोधते. असली तर ती आधी वाचते. बातमी खणखणीत असेल तर सीव्हीत काय आहे याने फारसा फरक पडत नाही.

तेव्हा पुढचे काही महिने अर्ज बाजूला ठेव आणि दोन-तीन बातम्या पूर्ण कर. छापून आल्या तर उत्तम, नाही आल्या तरी चालेल. पण पूर्ण हव्यात. म्हणजे प्रत्यक्ष जाऊन केलेल्या, कागद तपासलेल्या, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलेल्या. निबंध नकोत. 'प्रसारमाध्यमांची बदलती भूमिका' या विषयावरचा लेख मला कितीही सुंदर लिहून पाठवलास तरी मी तो शेवटपर्यंत वाचणार नाही.

विषय कुठून आणायचा, असं तू विचारशील. तू शिरोळची आहेस, त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा तू आत्ताच पुढे आहेस. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारात नेली, तेव्हा देशभरातली माध्यमं तुझ्या तालुक्यात उतरली. नांदणी कुठे आहे, मठाचं आणि आजूबाजूच्या गावांचं नातं काय, लोक इतके का पेटले, हे त्यांना कुणाला तरी विचारूनच समजून घ्यावं लागलं. त्याच वर्षी एका इटालियन फॅशन कंपनीच्या चपला आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसतात म्हणून गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे वाद मोठा झाला. तेव्हाही चर्चा स्टुडिओत रंगली, आणि चामडं कमावणाऱ्या, तळ शिवणाऱ्या माणसांपर्यंत जाणारा बातमीदार सगळ्यांनाच हवा होता. अशा वेळी ज्याच्याकडे माणसं आणि माहिती असते त्याला काम मिळतं. त्याचं इंग्रजी कसं आहे, ते कुणी विचारत नाही.

आता पुराचंच घे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. २०१९ ला नदीने ५५ फूट ओलांडले, तेव्हा शहरातला माणूस फुटांचीच भाषा बोलत होता. पण या फुटांचा तुझ्या गावातल्या घराशी काय संबंध? कोल्हापूर शहराजवळच्या प्रयाग चिखलीत पाणी शिरतं आणि शिरोळमध्ये शिरतं, यात मोठा फरक आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, म्हणून तुमच्याकडे पंचगंगा उतरली तरी कृष्णेचा फुगवटा पाणी हटू देत नाही. ऊस दिवसेंदिवस पाण्यात उभा राहतो. हे तुला अनुभवाने माहीत आहे. आम्हाला नकाशा काढून समजून घ्यावं लागतं.

त्यातून निघणारी एक बातमी सांगते. पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामे करतात. भरपाई निघते ती सातबाऱ्यावरच्या नावाने. जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचं नाव कागदावर नसतं. बियाणं त्याचं, खत त्याचं, उधारी त्याची, आणि भरपाई जमीनमालकाच्या खात्यात. काही मालक ती वाटून देतात, काही देत नाहीत. तुझ्या गावात अशी माणसं किती आहेत, त्यांचं काय झालं, मालक काय म्हणतात, तहसीलदार काय म्हणतात? एवढं नीट केलंस तर ती बातमी राज्यातलं कुठलंही वृत्तपत्र घेईल.

यासाठी कागद लागतात आणि ते मिळवायला माहिती अधिकार आहे. अर्जाची फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून प्रश्न नेमका विचार. 'पुराबाबत संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलंस तर काहीच हाती लागणार नाही. अमुक गावात अमुक वर्षी किती पंचनामे झाले, किती खातेदारांना किती रक्कम मिळाली, किती अर्ज कोणत्या कारणाने नामंजूर झाले, असं विचार. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील करता येतं, त्यालाही फी लागत असली तरी परवडते. पत्रकारितेच्या वर्गात हा कायदा शिकवतात, पण प्रत्यक्ष अर्ज केलेला विद्यार्थी माझ्यासमोर क्वचितच येतो. ज्याने केला आहे त्याला मी बसवून घेते आणि विचारते, काय मागितलंस, काय मिळालं?

पूर तुझ्या घरचा विषय म्हणून त्यावर एवढी रेंगाळले. पण कोल्हापूर जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. ऊस तुटल्यावर चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळाली पाहिजे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच लिहिलेलं आहे, आणि उशीर झाला तर व्याजाचीही तरतूद आहे. ते व्याज तुझ्या ओळखीच्या कुणाला कधी मिळालंय का, विचारून बघ. इचलकरंजीतले यंत्रमाग कामगार आहेत, हुपरीतले चांदी कारागीर आहेत, बीडहून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुलं फडात आहेत आणि शाळेच्या पटावर नाहीत. पेठांमधलं फुटबॉल आहे. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याच्या निकालापलीकडे जाऊन, तालमींच्या संघांतली मुलं पुढे पोटापाण्याचं काय करतात, हे कुणी लिहीत नाही.

आणि एक विषय असा आहे की आजचा कोल्हापूरचा विद्यार्थी तो सोडून देत असेल तर मला खरंच हळहळ वाटते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. वकिलांनी कितीतरी वर्षं लढून हे मिळवलं. बातमीदारीच्या अंगाने बघितलं तर न्यायालयाचं आख्खं बीट, म्हणजे बातम्यांचं क्षेत्र, आपल्या दारात आलं आहे आणि ते पेलू शकणारे तरुण बातमीदार इथे फार थोडे आहेत. निकालपत्र उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. ते इंग्रजीत असतं, हे खरं. पण इंग्रजी बोलणं आणि इंग्रजी वाचून समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रोज एक आदेश घे, शब्दकोश शेजारी ठेव, आणि त्याची दोनशे शब्दांची मराठी बातमी कर. मागणी काय होती, न्यायालय नेमकं काय म्हणालं, पुढची तारीख कोणती. न्यायमूर्तींनी सुनावणीत तोंडी मारलेला शेरा आणि लेखी आदेश यांत घोळ करायचा नाही. तीन महिने हे केलंस तर कुठल्याही मुंबईच्या डेस्कला तू उपयोगाची वाटशील, आणि इंग्रजीची भीतीही वाटेत कुठेतरी सुटेल.

कागदांचा विषय निघाला आहे, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला जे सांगते ते तुलाही सांगते. टिळक आणि आगरकर पहिल्यांदा तुरुंगात गेले ते कोल्हापूरच्या प्रकरणात. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा' यांनी छापलं. आधाराला पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस होते. बाहेर आल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांच्या हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती. पण कागद खोटा होता तो खोटाच. हेतू चांगला, माणसं मोठी, तळमळ खरी, आणि तरीही पडताळणी कमी पडली. आज तुझ्या फोनवर 'गोपनीय' शिक्का मारलेलं पत्र येतं किंवा पावसाळ्यात 'धरण फुटलं' असा संदेश फिरतो, तेव्हा हे प्रकरण आठव. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्याचा कुणीतरी व्हिडिओ काढतो, दुसरा त्याला भलतंच शीर्षक देतो, आणि रात्रीतून गावं घाबरतात. पाटबंधारे विभागाला एक फोन केला की उलगडा होतो. तो फोन करणारी मुलगी मला हवी असते.

आता लिहिण्याबद्दल. विद्यार्थ्यांच्या कॉपीत मला सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य असं असतं: 'शिरोळ तालुक्यात दरवर्षी महापुराचं संकट ओढवत असून प्रशासनाच्या कारभाराबद्दल नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे.' या वाक्यात माहिती काहीच नाही. कोणते नागरिक? कशाबद्दलचा संताप? आणि ही ओळ मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी, कुठल्याही तालुक्यासाठी छापता आली असती. त्याऐवजी असं काहीतरी: 'पूर आला तर जनावरं कुठे हलवायची, हे ग्रामपंचायतीने जूनअखेरपर्यंत ठरवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ज्या गायरानात छावणी होती तिथे आता गोदाम उभं आहे.' हे मी नमुन्यादाखल लिहिलं. तुझ्या गावात काय आहे ते तू बघून ये. मुद्दा एवढाच की पहिल्या दोन वाक्यांत वाचकाला नवं काहीतरी कळलं पाहिजे. नावं अचूक हवीत, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा. आकडा कुठून आला ते वाक्यातच हवं. आणि बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेव. म्हातारी 'पाणी बगता बगता उंबऱ्याला लागलं' म्हणाली असेल तर तिच्या तोंडी 'पाहता पाहता पाणी उंबरठ्यापर्यंत पोहोचले' घालू नकोस. बातमी प्रमाण मराठीत लिही, अवतरण माणसाच्या बोलीत राहू दे.

हल्ली एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. एआयकडून लिहून घेतलेली कॉपी आम्हाला ओळखू येते. ती गुळगुळीत असते, तिला घटनास्थळाचा वास नसतो. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण उतरवायला ते साधन वापरलंस तर हरकत नाही, पण मराठी उतरवताना त्याच्या चुका होतात, म्हणून ओळ न् ओळ मूळ आवाजाशी ताडून बघ. बातमी मात्र स्वतः लिही.

कुठे अर्ज करायचा? 'मोठी न्यूजरूम' एवढ्यावर स्वप्न थांबवू नकोस. तिथे तुला नेमकं काय करायला मिळणार, ते विचार. मुंबईतल्या वृत्तवाहिनीत नवी मुलं बहुधा असाइनमेंट डेस्कवर बसतात, बाईट म्हणजे लोकांची ध्वनिमुद्रित वक्तव्यं उतरवतात, फोन घेतात. वेग शिकायला ही जागा चांगली. पण दोन महिन्यांत बूम (वाहिनीचा माइक) हातात घेऊन बाहेर पडायला मिळेल याची खात्री नसते. पोर्टलवर एजन्सीच्या बातम्यांचं पुनर्लेखन करता करता दिवस संपू शकतो. दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उलट असतं. माणसं कमी आणि काम भरपूर. सकाळी सीपीआर रुग्णालयात, दुपारी जिल्हा परिषदेत, संध्याकाळी एखाद्या आंदोलनाला, आणि रात्री पान लागताना हेडिंग एका शब्दाने लांब पडतंय म्हणून डेस्कवरचा माणूस तुला हाक मारतो. 'पुढारी' इथेच जन्मला, इथूनच राज्यभर गेला. 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत' यांची इथे पूर्ण कार्यालयं आहेत. माझं स्पष्ट मत असं की पहिली इंटर्नशिप कोल्हापुरात कर, दुसरी मुंबईत. पहिलीतल्या बायलाइन, म्हणजे स्वतःच्या नावाने छापलेल्या बातम्या, घेऊन गेलीस तर मुंबईत तुला डेस्कवर बसवून ठेवणार नाहीत.

तुझी ओढ दीर्घ, संथ, ग्रामीण वार्तांकनाकडे असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाकडे बघ. तिथे विद्यार्थ्यांना सोबत घेऊन काम होतं, मराठीतही मजकूर येतो, आणि एका बातमीवर संपादनाच्या इतक्या फेऱ्या होतात की तेवढ्यात माणूस घडतो. व्हिडिओ आणि डिजिटल सांगण्याची आवड असेल तर बीबीसी मराठीचं काम पाहा. २०१७ पासून त्यांनी मराठीत वेगळी शैली रुळवली आहे. आकाशवाणी कोल्हापूर आणि जिल्हा माहिती कार्यालय या जागा मुलांच्या नजरेत येत नाहीत. माहिती कार्यालयात तू सरकारच्या बाजूने लिहायला शिकशील, ही मर्यादा आहेच. पण प्रेसनोट कशी तयार होते हे आतून पाहिलं की पुढे तिच्यातलं गाळलेलं कुठे शोधायचं ते कळतं.

मेल कुणाला पाठवायचा हा पुढचा प्रश्न. संस्थेच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेलेला मेल बहुतेक वेळा तिथेच राहतो. ज्या संपादकाचं किंवा बातमीदाराचं काम तू खरोखर वाचतेस त्याला लिही. लहान लिही. असं काहीतरी:

'विषय: मे-जून इंटर्नशिप, सोबत खंडाने शेती करणाऱ्यांच्या पूरभरपाईवरची बातमी

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकते, राहणार शिरोळ तालुका. पूरभरपाईवरची आपली बातमी वाचली. तीत खातेदारांची बाजू आली आहे, खंडाने शेती करणाऱ्यांची आलेली नाही. माझ्या गावात मी त्यावर काम केलं आहे. तहसील कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रं आणि शेतकरी, जमीनमालक व तहसीलदार यांचं म्हणणं माझ्याकडे आहे. आठशे शब्दांची बातमी सोबत जोडली आहे. १ मे ते ३० जून मी पूर्णवेळ येऊ शकते. युनिकोडमध्ये मराठी टायपिंग आणि मोबाइलवर व्हिडिओ संपादन येतं. बातमी उपयोगाची वाटली तर भेटायला वेळ द्यावा, ही विनंती.'

बस्स. 'आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास' वगैरे काही नको. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण कर, तीही एका ओळीत. उत्तर नाही आलं तर बातमी दुसरीकडे दे. आमच्याकडून उत्तर न येण्याची कारणं पुष्कळदा साधी असतात. निवडणूक असते, पाऊस असतो, माणूस रजेवर असतो. मनाला लावून घेऊ नकोस.

ओळख नाही म्हणतेस, पण ओळख काम करता करता होते. तुझ्या तालुक्यात प्रत्येक दैनिकाचा वार्ताहर आहे. एक दिवस त्याच्याबरोबर फिर. पोलीस ठाण्यात कोण बोलतं, बाजार समितीत कोण, कारखान्यात कोण, हे त्याला पाठ असतं. या लोकांचं मानधन तुटपुंजं असतं, त्यांच्या बातमीवर कितीदा नावही येत नाही. त्यांच्याशी आदराने वाग आणि त्यांनी दिलेली माहिती वापरलीस तर श्रेय दे. शहरात पत्रकार परिषदांना येऊन मागे बस, प्रश्न कसे विचारतात ते ऐक. दोन-चारदा दिसलीस की लोक स्वतःहून विचारतात, कुठली गं तू? तिथून पुढे बोलणं सुरू होतं.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: आजच्या आमच्या अंकातली कोणती बातमी तुला अपुरी वाटली आणि ती तू कशी पूर्ण केली असतीस? याला उत्तर द्यायला अंक वाचलेला लागतो. 'सगळ्याच छान आहेत' असं म्हणणाऱ्या मुलांची निवड माझ्याकडून होत नाही. संकोच करू नकोस. बातमीवर टीका केली म्हणून कुठल्याही चांगल्या संपादकाला राग येत नाही.

आता पैसे आणि घरच्यांची काळजी, जी तू लिहिली नाहीस पण असणार. पुष्कळ इंटर्नशिप बिनपगारी असतात किंवा प्रवासखर्च सुटेल एवढंच देतात. स्टायपेंड आहे का, किती, कधी मिळतो, हे आधीच सरळ विचार. यात कमीपणा नाही. इंटर्नशिप द्यायला कुणी तुझ्याकडून पैसे मागितले, किंवा 'प्रेस'चं ओळखपत्र विकत घे म्हणाले, तर तिथून उठून ये. ती फसवणूक असते. मुंबईत कामाची पाळी रात्री संपते का आणि मुलींना घरी सोडायला गाडी असते का, हेही विचार. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि प्रशिक्षणार्थी म्हणून आलेली मुलगीही त्या संरक्षणात येते. समितीवर कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. वडिलांना हे सगळं ठिकाण, वेळ, राहण्याची जागा यांच्यासह सांगितलंस तर त्यांची निम्मी काळजी जाईल. नुसतं 'मला जायचंच आहे' म्हणालीस तर ती वाढेल.

आत गेल्यावर एक गोष्ट कायद्याची, कारण नव्या माणसाकडून इथेच घात होतो. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. नाव तर नाहीच, पण गल्ली, वडिलांचा व्यवसाय, शाळेचं नावही नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात तो गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो आणि बालन्याय कायदा आणखी कडक आहेत. लहान गावात 'अमुक वाडीतली सातवीतली मुलगी' एवढ्यानेही सगळ्यांना कळतं, हे तुला मुंबईच्या डेस्कपेक्षा जास्त समजतं. गरज पडली तर तिथे आवाज उठव.

रोज रात्री तू दिलेली कॉपी आणि छापून आलेली बातमी शेजारी ठेवून वाच. काय कापलं, काय वर नेलं, कोणता शब्द बदलला? पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ सगळंच बदललेलं असेल. कारण कळलं नाही तर उपसंपादकाला विचार, पण पान छपाईला सुटल्यावर. डेडलाइनच्या तोंडावर नको. अंकाच्या पानांची पीडीएफ स्वतःकडे जपून ठेव, कारण जुन्या ई-पेपरच्या लिंक पुढे उघडतीलच असं नाही. निघताना तारखा आणि विभाग लिहिलेलं पत्र घे, विद्यापीठातल्या श्रेयांकांसाठीही ते लागेल. आणि परत आल्यावर त्या डेस्कशी संपर्क सोडू नकोस. शिरोळमध्ये मुंबईच्या डेस्कचं माणूस बहुधा नसतं, आणि पावसाळा दरवर्षी येतो.

मे महिन्यात रुजू व्हायचं असेल तर उलटं मोजत ये. मेल मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, बातमी फेब्रुवारीअखेर तयार पाहिजे, आणि माहितीचं उत्तर यायला तीस दिवस आणि अपील करावं लागलं तर त्यावर आणखी वेळ जातो, म्हणून शिरोळच्या तहसील कार्यालयातला अर्ज डिसेंबरमध्येच टाकायला हवा.